ट्रॉली मागे कोणी घेतली?

ती घटना आठवली की अजून हसू येतं आणि शरमही वाटते, कारण फौजदार म्हणून एका निरपराध माणसाला मी कोठडीत टाकायच्या बेतात होतो.

दुष्काळाचं वर्ष होतं. एका दूध संघाने जनावरांच्या डॉक्टरांसाठी ट्रकवरच राहायची खोली बांधली होती. आत दोन बाकडी, स्टोव्ह, औषधांचं कपाट. मागे पेंडीच्या पोत्यांची ट्रॉली जोडून ही घरगाडी चारा छावण्यांवर फिरायची. डॉक्टर दिंद्रुडच्या छावणीवर होते आणि ड्रायव्हर पेंड घेऊन तिकडे निघाला होता. मांजरसुंब्याला ट्रक पंक्चर झाला. ट्रॉली सोडवून ढाब्यापाशी ठेवली आणि ट्रक हळूहळू चालवत तो पंक्चर काढायला गेला, परत येतो तर ट्रॉली गायब.

संघाच्या सुपरवायझरने ड्रायव्हरकडे बोट दाखवत फिर्याद दिली. "ह्यानंच इकली, साहेब."

ड्रायव्हर गेवराईचा. आधी मेकॅनिक होता, ट्रॉली ओढायला लागून आठच दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एका फळवाल्याने खबर दिली की कापसाच्या बंद जिनिंग गिरणीच्या बोळात ट्रॉली उभी आहे. आम्ही गेलो. पोती नव्हती. बोळ पुढे बंद, दोन्ही अंगांना वीतभर जागा, आणि ट्रॉलीचा गाडीला जोडायचा दांडा रस्त्याकडे. म्हणजे कोणीतरी ती उलटी आत घातली होती. पंचनाम्यात मी तसं लिहिलं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही.

अटकेचे कागद तयार झाले. ड्रायव्हर रडकुंडीला आला. "साहेब, मला ट्रॉली मागं घेताच येत न्हाई. लांब जाऊन वळून येतो मी. लायसन जाईल वो, लेकरं हायत माझी."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. ठाण्याच्या फाटकातून त्याला ट्रॉली मागे घ्यायला लावली. ती एकदा डावीकडे दुमडली, एकदा उजवीकडे. आमच्या दोन कुंड्या फुटल्या. हवालदार पोट धरून हसत होते. सोंग असेल म्हणून मी आणखी दोनदा तेच करायला लावलं. बिचारा घामाने निथळला.

सुपरवायझर व्हरांड्यात चुळबुळत होता. 'मी ऑफिसातला माणूस, ट्रॉली कधी ओढली नाही,' असा त्याचा सही केलेला जबाब माझ्या हातात होता.

"उतर बे खाली! स्टेरिंग उलटं फिरवावं लागतंय, तेवढंबी कळंना का?" असं ओरडत तो स्वतःच ट्रकात चढला. एका दमात ट्रॉली फाटकातून सरळ आत. उतरून त्याने हात झटकले आणि कौतुकाच्या अपेक्षेने आमच्याकडे पाहिलं.

मी जबाबाचा कागद पुढे केला. तो आपल्याच सहीकडे बघत पायरीवर बसला. तासाभरात सगळं ओकला. ट्रॉली त्याने संघाच्याच जीपने ओढून नेली होती. पोती साडूच्या गोठ्यात सापडली. कोर्टाच्या परवानगीने पेंड दिंद्रुडला पोचली, आणि नेली त्याच ड्रायव्हरने. मला फार बरं वाटलं.

आपल्याला येणारं काम दुसरा बिघडवताना पाहून माणसाला गप्प बसवत नाही, मग तो चोर का असेना. हे त्या दिवशी कळलं आणि पुढे बऱ्याच तपासांत कामी आलं. पण मनाला लागलं ते वेगळंच. आपल्याला ट्रॉली मागे घेता येत नाही, हे ड्रायव्हरने पहिल्याच तासात मला सांगितलं होतं. मी ते लिहूनच घेतलं नव्हतं.