चार जीबी आणि ताजं कार्ड

ग्राफिक्स कार्डांवर लिहिण्याइतका मी जाणकार नाही, माफ करा. पण आज लॅबमध्ये तापलेल्या धुळीचा वास आला आणि बोईसरचं जुन्या कॉम्प्युटरांचं दुकान आठवलं.

डिप्लोमाला असताना ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर माझ्या कॉम्प्युटरवर चालेना, म्हणून ग्राफिक्स कार्ड घ्यायला बाबा मासळी विकून थेट तिथे आले होते. काउंटरवर दोन वापरलेली कार्डं होती. एकाची मेमरी दोन जीबी, पण वेगवान. दुसऱ्याची चार, पण संथ. मी चारच्या आकड्याला भुललो. बाबांनी बोंबील हुंगावेत तशी दोन्ही हुंगली.

"चारवालं जळकं हाय. दोनवालं ताजं, ते घे."

"काका, तव्यावर टाकणार काय?" दुकानदार हसला. मी लाजेने चारचंच घेतलं. ते महिन्याभरात बंद पडलं.

दोनचं कार्ड वर्गमित्राने नेलं होतं. आज त्याला फोन केला, तर ते अजून चालतंय. लगेच बाबांना कळवलं.

"मंग? ताजं होतं ना!"