ग्रॅहमच्या चार मुलींचं लग्न

मला मुलगी नाही. एकुलता एक अनिकेत. त्याचं लग्न कुठे जमेना, तेव्हा मी कुलदेवीपुढे पदर पसरून नवस बोलले होते, "आई, याचं जमू दे, मी एक तरी कन्यादान करीन." साधा नवस. तुळशीचं लग्न लावलं की कन्यादानाचं पुण्य मिळतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण हा नवस माझ्या हातून ज्या तऱ्हेने फिटला ना, ते ऐकण्याआधी हातातला कप खाली ठेवा. मागे एका मैत्रिणीच्या नाकातून चहा आला होता.

तर देवीने ऐकलं. मेलबर्नला नोकरी करणाऱ्या अनिकेतचं पुण्याच्या सायलीशी जमलं. लग्न एप्रिलमध्ये, पुण्यात. मी म्हटलं, नवस काय, येत्या कार्तिकात फेडू. इथेच चुकले! जानेवारीत आमच्या कॅनबेरात लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि माझी तुळस काडी न उरता झोडपली गेली. मार्चमध्ये महामारी आली, विमानं बंद झाली, लग्न पुढे ढकललं. मी नवस लांबणीवर टाकला, देवीने लग्न लांबणीवर टाकलं. सरळ हिशोब होता.

"योगायोग गं," आमचे हे म्हणाले. यांचं ऑफिस तेव्हा आमच्या डायनिंग टेबलावर भरायचं.

"तुमच्यासाठी योगायोग. मला खूण कळते."

आता यात आमचा शेजारी ग्रॅहम येतो. सत्तरीचा, गोड माणूस. बायको मॉरीन, तिचे गुडघे संधिवाताने धरलेले. ग्रॅहमच्या परसात ऊन येतं त्या कोपऱ्यात चार मोठ्या कुंड्या. त्यांत कमरेएवढी, पंजासारख्या पानांची चार झाडं. त्यांना तो 'माय गर्ल्स' म्हणायचा. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. आपण तुळशीला आईच म्हणतो ना?

फेब्रुवारीत एकदा मी कुंपणावरून पाहिलं, तर त्याने तसलंच एक कोवळं झाड मुळासकट उपटून ग्रीन बिनमध्ये टाकलेलं.

"ग्रॅहम, व्हाय?"

"नो गुड, लव्ह. इट्स अ बॉय."

मुलगी झाली म्हणून नाकं मुरडणारे आमच्याकडे पाहिले होते. पण मुलगा झाला म्हणून थेट कचऱ्यात? तो आत वळताच मी ते पोर बिनमधून उचललं, घरी आणलं आणि तुळशीच्या रिकाम्या वृंदावनात लावलं. मग वृंदावनच उचलून आत, देवघराच्या खिडकीत ठेवलं. रोज देवाचं तीर्थ घातलं. आणि काय फोफावलं हो!

वास मात्र उग्र.

"अगं, छपरात पॉसम मेलाय का?" हे विचारायचे. पॉसम म्हणजे इथलं मांजराएवढं, छपरात घुसणारं जनावर.

"औषधी झाडाला वास असायचाच," मी म्हणायचे, आणि दोन उदबत्त्या जास्त लावायचे.

मार्चमध्ये ग्रॅहम आणि मॉरीन कॅरॅव्हॅन घेऊन उत्तरेला गेले आणि राज्यांच्या सीमा बंद झाल्यामुळे तिकडेच अडकले. ग्रॅहमचा फोन आला, "माझ्या मुलींना पाणी घालशील का? मॉरीनचा सगळा हिवाळा त्यांच्यावर आहे." मी म्हटलं, "नो वरीज!" मॉरीनचं काहीतरी औषध असणार एवढं मला कळलं. कसलं, हे विचारायला हवं होतं. पण शेजाऱ्याच्या औषधपाण्याची चौकशी बरी दिसते का?

रोज पाणी घालताना एक गोष्ट मनाला टोचायला लागली. चौघींना फुलं आली होती, पांढऱ्या तुसांची, भरगच्च. पण फळ काही धरेना. आता मला विचाराल तर यातलं मला कळतं. माझ्या मागच्या अंगणात दुधी आणि लाल भोपळा असतो. इथे मधमाश्यांचा भरवसा नाही, म्हणून सकाळी मीच अनिकेतच्या लहानपणीच्या रंगांच्या ब्रशने नर फुलातले पराग उचलून मादी फुलाला लावते. तेवढं केलं की फळ धरतं. मी त्या चौघींकडे पाहिलं. बिचाऱ्या! वयात आल्यात, नटून उभ्या आहेत, आणि बापाने घरात एक स्थळ येऊ दिलं नाही. आलेलं होतं ते कचऱ्यात!

आणि तो आलेला कुठे होता? माझ्या देवघरात! बारीक पिवळट फुलांचे घोस लोंबकळत, मुंडावळ्या बांधल्यासारखा, तयार!

अंगावर काटा आला हो. नवस माझा, मुली शेजारच्या, नवरदेव माझ्या पदरात. देवीने आणखी किती स्पष्ट सांगायचं?

तरी शास्त्र सोडलं नाही. पुण्याला गुरुजींना फोन लावला. "गुरुजी, कार्तिक नाही, तुळस नाही, दुसऱ्या झाडाचं लग्न चालेल का?" गुरुजी स्वतःच लॉकडाउनला कंटाळलेले. म्हणाले, "भाव महत्त्वाचा, ताई. उरकून घ्या."

सरकारचा नियम तेव्हा असा, की लग्नाला पाचच जण. वर, वधू, लावणारा आणि दोन साक्षीदार. मी मोजलं. वर एक, वधू चार, झाले पाच! म्हणून मी आणि हे दीड मीटर लांब उभे राहिलो. एका वराला चार वधू हे जरा खटकलं, पण तुळशीचा नवरा कोण? श्रीकृष्ण. तिथे आपण कधी मोजायला गेलोय?

नवरदेवाला वृंदावनासकट ग्रॅहमच्या परसात नेलं. भांडी पुसायच्या टी-टॉवेलचा अंतरपाट. एक टोक कुंपणाला, दुसरं यांच्या हातात. यांच्या कानात हेडफोन, कारण मीटिंग चालू. मी मंगलाष्टकं म्हटली आणि शेवटी हे सवयीने जोरात ओरडले, "शुभमंगल सावधान!" माइक चालूच होता. पलीकडून यांचा साहेब म्हणाला, "सॉरी मेट, से दॅट अगेन?"

अक्षता टाकल्या. मग ब्रश घेतला आणि नवरदेवाचे पराग चारही जणींना मायेने, एकही तुरा न वगळता लावले. उरलेसुरले त्यालाच हलवून झाडले. पिवळी धूळ अशी उडाली, जणू भंडारा उधळला! डोळे भरून आले माझे. नवऱ्या मुलाला आठवडाभर तिथेच ठेवलं, सासरी करमावं म्हणून.

आणि काय सांगू, बोंडं धरली! टपोरी, दाण्यांनी भरलेली. मग मी थांबतेय होय? चौघींच्या फांद्यांत हिरव्या बांगड्या अडकवल्या, खणानारळाने ओटी भरली. ग्रॅहम परत आला की केवढा खूश होईल, या विचाराने मला रोज हुरूप.

मे संपत आला, म्हणजे इकडे हिवाळा तोंडावर. त्या रविवारी लग्नाची नवी तारीख ठरवायला व्हिडिओ कॉल होता. पुण्याहून विहीणबाई, सायली आणि विहीणबाईंचे थोरले भाऊ नानामामा. मेलबर्नहून अनिकेत. विहीणबाईंचा चेहरा उतरलेला. "इतकी विघ्नं येतायत, हे लग्न व्हावं की नाही असंच वाटायला लागलंय," त्या म्हणाल्या.

जमलेलं मोडतं की काय! धीर द्यायला मी म्हटलं, "अहो, विघ्न टळलं! मी नवस फेडला. थांबा, दाखवतेच." आणि फोन घेऊन निघाले ग्रॅहमच्या परसात. "ह्या बघा माझ्या लेकी. चौघींना दिवस गेलेत!"

कॅमेरा बांगड्यांवरून पानांवर गेला. पलीकडचे चारही चेहरे थिजले. मला वाटलं, नेट गेलं.

"आई," अनिकेत दबक्या आवाजात म्हणाला, "डोन्ट मूव्ह. जस्ट एंड द कॉल."

"का रे? अजून जावई कुठे दाखवलाय? तो आत देवघरात आहे."

"आई! प्लीज!"

तेवढ्यात नानामामांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. सांगायचं राहिलं, नानामामा निवृत्त फौजदार. "विहीणबाई," ते मला अगदी शांतपणे म्हणाले, "हा गांजा आहे."

गांजा!

मी, जी एकादशीला चहासुद्धा घेत नाही! माझ्या वृंदावनात! तीर्थ घालून वाढवलेला! शेजारी बाळकृष्ण! आणि पलीकडे विहीणबाईंचा चौकोन काळा झाला.

"इट्स लीगल हिअर, आई," अनिकेत समजावत होता. "कॅनबेरात या वर्षीपासून घरी माणशी दोन झाडं चालतात. पुण्यात नाही चालत, हाच प्रॉब्लेम आहे."

लग्न मोडलं. मी तिथेच, मुलींच्या पायाशी मटकन बसले. आणि नेमकी त्याच वेळी ड्राइव्हवेमध्ये कॅरॅव्हॅन येऊन थांबली.

ग्रॅहम आला. बांगड्या पाहिल्या. ओटीचा नारळ पाहिला. एक बोंड तोडून बोटांनी फोडलं, आतून बी टपकली. दुसरं फोडलं, बी. तिसरं, बी. त्याचा चेहरा पांढराफटक.

"देअर वॉज नो बॉय," तो पुटपुटला. "आय चक्ड हिम आउट."

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. बिन, वृंदावन, ब्रश, अंतरपाट, सगळं. तेव्हा त्याने मला समजावलं, की या झाडांत बी धरली की औषधाचा कस गेला. त्यांना कुमारिका ठेवणं हीच सगळी कला. उन्हाळाभर त्याने तेवढंच केलं होतं. आणि मी एका मुहूर्तावर चौघींना संसाराला लावलं! मॉरीनच्या हिवाळ्याची मी माती केली होती.

मला रडू फुटलं. मॉरीन काठी टेकत आली, तिने सगळं ऐकलं आणि अशी हसायला लागली की दुखरा गुडघा धरून खुर्चीत कोसळली. "ग्रॅहम," ती म्हणाली, "यू'र अ ग्रँडफादर!" मग त्यातली एक हिरवी बांगडी काढून तिने स्वतःच्या हातात घातली. त्या हिवाळ्यात रोज दुपारी मी तिच्या दारात गरम महानारायण तेलाची वाटी ठेवायचे. नियम सैल झाल्यावर मी स्वतः गुडघे चोळून द्यायला लागले. गुण येतो म्हणते. खरं की माझं मन राखायला, विचारलं नाही.

संध्याकाळी फोन वाजला. विहीणबाई. मी देवीचं नाव घेऊन उचलला. पलीकडे नुसता श्वास अडकल्याचा आवाज. रडतात की काय?

"अहो," त्या कशाबशा म्हणाल्या, "नाना दुपारपासून जमिनीवर लोळतोय. म्हणतो, जन्मभर गांजा जप्त केला, पण गांजाची ओटी भरणारी बाई पहिल्यांदाच पाहिली!" हसू आवरेना म्हणून त्यांनी कॅमेरा बंद केला होता! मागून सायली ओरडत होती, "आई, मला हीच सासू पाहिजे!"

देशाच्या सीमा उघडल्यावर लग्न झालं, पुण्यात, थाटात. कार्यालयाच्या दारात नानामामा फेटा बांधून स्वागताला उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला गुलाबपाणी, अत्तर, हसतमुख नमस्कार. अख्ख्या वऱ्हाडात पिशवी उघडून तपासली ती एकाच व्यक्तीची. वरमाईची! वर अक्षतांचा वाससुद्धा घेऊन पाहिला.

तर बायांनो, तुमचाही कुणाचा नवस राहिला असेल तर माझ्यासारखा लवकर फेडून टाका. देवी ऐकते, मला रोकडा अनुभव आहे. फक्त लग्न लावण्याआधी मुलींच्या बापाला एक फोन करा.