दातात दोरा

कॅनडातल्या किचनर गावातला आमचा शेजारी बाइकर क्लबातला, दाराएवढा रुंद. बोलणं "येप" नाहीतर "नोप". त्याच्या लेदर व्हेस्टवर पाठभर क्लबचा पॅच. व्हेस्ट परक्याच्या हातात द्यायचं नाही, हा क्लबचा कायदा. एकदा मी कौतुकानं बोट लावायला गेलो, तर त्यानं असं बघितलं की बोट आपोआप खिशात गेलं.

नागपूरहून आलेल्या आईला पॅचची उसवलेली कड दिसली. सुई-दोरा घेऊन ती थेट त्याच्या ड्राइव्हवेत. "काढ ना बाप्पा ते!" तिनं खुणावलं.

"नोप."

अंगावरचं शिवू नये, हा आईचा कायदा. शिवायचंच तर दातात दोरा धरायचा. तिनं दोऱ्याचा तुकडा त्याच्या मिशांपुढे धरला.

त्यानं निमूट तोंड उघडलं!

शनिवारी त्याचे दोन आडदांड दोस्त आमच्या दारात. दोघांच्याही दातात आधीच दोरा.