गॅलियमच्या रकान्यातला 'द्रव'

पद्माकर देऊळकरांना आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात अकरा वर्षे झाली. बढती मात्र दरवेळी त्यांना वळसा घालून गेली. यंदा ती पुण्याच्या वैदेहीकडे गेली. त्यांच्या निम्म्या वयाची ही वरिष्ठ त्यांना काका म्हणे, आणि तेही त्यांना निमूट ऐकून घ्यावे लागे.

मंगळवारी तिने एक नोंदपत्र त्यांच्यापुढे ठेवले. तापमापक तपासण्यासाठी मागवलेल्या गॅलियम धातूपुढे, 'अवस्था' या रकान्यात त्यांनी 'द्रव' लिहिले होते. आज बाटली उघडली, तर आत घट्ट गोळा.

"काका, हे वितळतं जेमतेम तीस अंशांना. भांडारात त्या दिवशी अठरा होते. न बघता लिहिलंत का?"

औषधाच्या कारखान्यात न पाहता नोंद करणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे. पद्माकर म्हणाले, "वितळलेलं गॅलियम तीसच्या खाली आलं म्हणून लगेच गोठत नाही. दाखवतो."

"नागपूरकर. आधी वाद, मग पुरावा."

"पुणेकरांना पुराव्यानंतरही वाद लागतो."

त्यांनी बाटली कोमट पाण्यात धरली. गोळा वितळून आरशासारखा लकाकू लागला. मग ती अठरा अंशांच्या पाण्यात ठेवली. दहा मिनिटे गेली, वीस गेली. वैदेही वाकून पाहत होती.

"अजून पातळच?"

पद्माकरांनी आधीच बाजूला काढून ठेवलेला घट्ट गॅलियमचा एक कण आत सोडला. त्या कणापासून करडी जाळी पसरत गेली आणि पाहता पाहता सारा द्रव थिजला.

"म्हणजे येताना तापलेल्या गाडीत वितळलं असेल आणि इथे तसंच राहिलं असेल," ती म्हणाली, आणि आयरिश लोकांसारखे पुढे जोडले, "ग्रँड. द्रवच पाहिलं होतं, एवढं लिहून द्या. प्रकरण मिटलं."

त्यांनी पेन उचलले. आधीच्या नोकरीत, नागपूरच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, उन्हाळी परीक्षांच्या दिवसांत गॅलियम कपाटातही पातळच असे. तिथे नऊ वर्षे त्यांनी हाच शब्द लिहिला होता. इथली बाटली हलवून पाहिल्याचे मात्र काही केल्या आठवेना. द्रव असणे शक्य होते, इतकेच सिद्ध झाले होते.

त्यांनी लिहिले : पाहिले नाही. सवयीने लिहिले.

वैदेहीने ते दोनदा वाचले. "काका, हे मला वर पाठवावं लागेल."

"पाठव. पण बाटली संध्याकाळपर्यंत माझ्याकडे राहू दे. पुन्हा वितळवून गॅलियम किती थंडीपर्यंत पातळ राहतं, ते पाहायचंय."