साहेबांनी घेतलेली बाजू

आमच्या घरात 'बाजू' या शब्दाला एकच अर्थ होता. रेकॉर्डची बाजू. ही बाजू चालते, ती बाजू पडून राहते, ही बाजू उलटून लाव. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, सोलापूरच्या बाजारपेठेत रेकॉर्डचं दुकान चालवत. शेजारणीनं नवऱ्याची तक्रार आणली आणि "आधी माझी बाजू ऐकून घ्या" असं म्हटलं, तरी अप्पांचे डोळे कपाटाकडे जायचे. आम्ही हसायचो. पुढचं सगळं रामायण याच शब्दानं केलं, तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नाही.

दुकान लहान होतं, पण दारावर कर्णा होता आणि तो दिवसभर गात असायचा. विणकरांच्या घरची माणसं तेलुगू गाणी मागायची, अक्कलकोटकडून आलेली कन्नड मागायची, आणि जुम्म्याच्या नमाजानंतर कव्वालीचं गिऱ्हाईक यायचं. अप्पा प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलायचे आणि मनातल्या मनात मराठीतून कंपन्यांना शिव्या घालायचे. त्याला कारण होतं. नवी रेकॉर्ड निघाली की आधी मुंबईचे मोठे दुकानदार उचलायचे, मग पुण्याचे, आणि उरलं तर सोलापूर. पिक्चर टॉकीजमधून उतरून जायचा तरी त्याची गाणी आमच्याकडे पोचलेली नसायची. पोचली तर एका चालत्या रेकॉर्डबरोबर चार पडीक रेकॉर्डी गळ्यात मारलेल्या असायच्या. त्या पडीक रेकॉर्डींनी आमच्या माळ्याचा एक कोपरा भरला होता.

त्याच माळ्याखाली बसून मी गात असे. गुरुजी घरी येऊन शिकवायचे. आवाज बरा होता, हे मला ठाऊक होतं आणि मी ते लपवतही नव्हते. विशीत होते. मोहोळच्या घरी माझं लग्न ठरलं होतं. सासऱ्यांचं धान्याचं दुकान होतं, माणसं सरळ होती. त्यांनी बोलणीच्या वेळीच सांगून टाकलं, "लग्नाआधी पोरगीला काय गायचं ते गाऊ द्या. आमच्यात नंतर बायका चारचौघांत गात न्हाईत." यात त्यांना काही वावगं वाटलं नाही आणि आमच्याकडच्या मोठ्या माणसांनाही वाटलं नाही. मला वाटलं. म्हणजे लग्नापर्यंत जेवढं गाईन तेवढंच. मला एकदा, फक्त एकदा, माझ्या आवाजाची रेकॉर्ड हवी होती. नाव व्हावं म्हणून नाही. मी भाकऱ्या थापत असताना पलीकडच्या खोलीत कुणीतरी ती लावावी आणि मी ऐकावं, एवढंच डोक्यात होतं. त्यापुढे काही सुचत नव्हतं आणि त्यावाचून दुसरं काही सुचत नव्हतं.

दुष्काळ सरून गेल्यावरच्या वर्षी मुंबईत देशभरातल्या रेकॉर्ड विकणाऱ्यांची सभा भरली. अप्पा गेले. जे साहेब सगळ्या रेकॉर्डवाल्यांचे पुढारी होते, दिल्लीपर्यंत ज्यांचं वजन होतं, कुठलं गाणं देशभर जाणार आणि कुठलं नाही हे ज्यांच्या कमिटीत ठरायचं, त्यांचं भाषण होतं. अप्पांनी त्यांना जिन्यात गाठलं. परत आले ते थेट स्वयंपाकघरात, चपलांसकट.

"साहेबांना म्हणलं, आमच्या सोलापूरकडं कुणी बघत न्हाई. माल मिळत न्हाई आन् आमची माणसं लई गुणाची असून कुणी इचारत न्हाई. माझी पोरगीच बघा, म्हणलं, कन्नड गाती, मराठी गाती."

"मग?" आईनं विचारलं. तिला आम्ही अव्वा म्हणायचो.

"मग काय. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, निश्चिंत जा, तुमची बाजू मी घेतो." अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "एक बाजू. दोन गाणी बसतात. एक मराठी, एक कन्नड."

माझ्या हातातला तांब्या खाली ठेवायचंही मला भान राहिलं नाही. अव्वानं मात्र चुलीकडून मान न वळवता विचारलं, "त्यांनी हिचं गाणं ऐकलंय का?"

"ऐकायला कशाला पायजे? मी सांगितलं की."

अव्वा गप्प बसली. ती फार वेळा गप्प बसायची, आणि त्या वेळी मला तिचा राग आला. आपल्या माणसाचं चांगलं होत असताना असा खोडा काय घालायचा, असं मी तिला बोलूनही दाखवलं.

त्या दिवसापासून आमच्या घरातलं स्वास्थ्य गेलं. गुरुजींनी दोन गाणी बसवली. रेकॉर्डवर वेळ मोजका असतो, म्हणून अप्पा भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेऊन बसायचे आणि वेळ संपली की टिचकी वाजवायचे. माझी तान अर्धी राहायची. गुरुजी चिडायचे, अप्पा त्यांच्यावर चिडायचे, मी दोघांवर. एक कडवं गेलं, मग सुरुवातीचे आलाप गेले, मग प्रत्येक ओळ एकदाच म्हणायची असं ठरलं. मी न्हाताना गायची, दळण निवडताना गायची, आणि मनात सारखं घड्याळ चालू असायचं. पोस्टमन गल्लीत शिरला की मी उंबऱ्यात. दुकानात ट्रंक कॉल आला की अप्पा घाईत गल्ल्याला गुडघा आपटून घ्यायचे. मुंबईहून काही येत नव्हतं. मी जेवायला बसायची आणि ताटावरून उठायची, झोपायला जायची आणि पाणी प्यायला उठायची. अव्वा म्हणायची, "एका जागी बस की गं." बसणं जमतच नव्हतं.

लग्न मार्गशीर्षात होणार होतं. अप्पांनी मोहोळला जाऊन ते उन्हाळ्यावर ढकललं. "रेकॉर्ड निघतीया, साहेबांनी बाजू घेतलीया," असं त्यांनी तिथं सांगितलं आणि सासऱ्यांनी मान डोलावली. उन्हाळा आला. पुन्हा ढकललं. या वेळी सासऱ्यांनी मान डोलावली नाही. तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त, नाहीतर आमी दुसरी सोयरीक बघतो, असं त्यांनी सांगितलं. त्यांचंही चुकलं नाही. दोनदा पत्रिकेचा मजकूर तयार करून थांबवायला कोण तयार होईल.

आणि मग पावसाळ्याच्या शेवटी मुंबईहून आलं ते भलतंच. खोकी आली. नव्या रेकॉर्डींची, थेट कंपनीकडून, पुण्याला न थांबता, आणि त्यांत एकही पडीक माल नव्हता. सोलापुरातल्या सगळ्या दुकानदारांकडे तशी खोकी आली. मुंबईच्या सभेत साहेबांना जिन्यात गाठणारा माणूस कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. दुकानदार हार घेऊन आमच्या दारात आले. जिल्ह्याची संघटना काढायची ठरली आणि अप्पांना अध्यक्ष केलं. अप्पा हार काढून माझ्या हातात देत म्हणाले, "बघ. ज्यानं माल धाडला त्यो आपली बाजू काढणार न्हाई व्हय? आता येतंच बोलावणं." मी हार खुंटीला लावला आणि पुन्हा रियाजाला बसले. मला खरंच वाटलं, की आता येतंच.

बोलावणं आलं नाही, साहेबच आले. नव्या संघटनेचं उद्घाटन त्यांच्या हातून होणार होतं. दिवाळी उलटून गेली होती. सोलापूरच्या हॉलमध्ये कापडी फलक, खुर्च्या, मधोमध टेबलावर पितळी समई. स्वागतगीत मी म्हणणार होते. आमच्या दोन गाण्यांतलं मराठी गाणंच मी निवडलं आणि अप्पांनी हो म्हटलं. साहेबांनी एकदा प्रत्यक्ष ऐकलं की सगळं मार्गी लागेल, असा आमचा हिशेब होता. इस्त्रीची नवी साडी नेसून मी पेटीमागे बसले. सुरुवातीला साहेब शेजारच्या खुर्चीवरल्या माणसाशी बोलत होते. दुसऱ्या कडव्याला बोलायचे थांबले. मी ठरल्या वेळेत संपवलं. टिचकी वाजवायला अप्पांजवळ घड्याळ नव्हतं, तरी.

मग साहेब भाषणाला उठले. बोलणं गोड होतं त्यांचं. गाणं ही देशाची संपत्ती आहे, लहान गावांना ती वेळेवर मिळाली पाहिजे, असं सगळं बोलून झाल्यावर त्यांनी अप्पांकडे हात केला.

"तुमच्या या अध्यक्षांनी मला मुंबईत जिन्यात अडवलं होतं. म्हणाले, सोलापूरकडे कुणी बघत नाही. मी त्यांना म्हटलं, निश्चिंत जा, तुमची बाजू मी घेतो. आणि कमिटीत मी ती घेतली. मोठ्या दुकानदारांचा राग पत्करून घेतली. दिला शब्द पाळला."

हॉल टाळ्यांनी भरून गेला. मी पेटीमागे होते. आधी मला काहीच कळलं नाही, आणि मग एकदम सगळं कळलं. बाजू घेतली म्हणजे काय, ते. अख्ख्या महाराष्ट्रात कुणालाही त्या वाक्याचा अर्थ बरोबर कळला असता. रेकॉर्ड विकणाऱ्या माझ्या बापालाच तेवढा कळला नाही, आणि त्याच्या पोरीला. अप्पा मंचावर टाळ्या वाजवत होते. वाजवता वाजवता त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग शेजारच्याने काहीतरी म्हटलं आणि ते पुन्हा टाळ्या वाजवू लागले.

मला ओरडावंसं वाटत होतं. साहेबांवर नाही, त्यांनी काय केलं होतं? बोललेलं करून दाखवलं होतं. अप्पांवरही नीट राग धरता येत नव्हता. राग होता आणि धरायला जागा नव्हती.

कार्यक्रम संपला. साहेबांना पुण्याकडे निघायचं होतं. गाडीशी सगळे दुकानदार गोळा झाले, त्यांच्यामध्ये हार घातलेले अप्पा, आणि अप्पांच्या मागे मी. साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"ही तुमची मुलगी ना? सुरेख गळा आहे हो. हिची रेकॉर्ड निघालीय का कुठे?"

मी अप्पांच्या पाठीकडे बघत होते. फक्त 'न्हाई साहेब, काढा की' एवढंच म्हणायचं होतं. लग्नाला अजून थोडे दिवस होते. मुंबईची गाडी रोज होती. साहेब स्वतः विचारत होते.

अप्पांनी एकदा भोवतालच्या दुकानदारांकडे बघितलं. नवे मेंबर, कालपरवा ज्यांनी त्यांना खुर्चीवर बसवलं होतं. मग त्यांनी हात जोडले.

"ते राहू द्या साहेब. आमच्या मानसांना येळेवर माल मिळाला. आमी भरून पावलो."

"मी नाही पावले," मी म्हटलं.

मोठ्यानं म्हटलं. माझा आवाज कसलेला होता, शेवटच्या माणसापर्यंत गेला. अप्पांनी मान खाली घातली. साहेब क्षणभर गोंधळले आणि मग दिलखुलास हसले.

"अरे, हिला पेढेच मिळाले नाहीत वाटतं," ते म्हणाले, आणि त्यांना भेट दिलेला पेढ्यांचा पुडा गाडीच्या सीटवरून उचलून त्यांनी माझ्या हातात ठेवला. दुकानदार सुटल्यासारखे हसले. गाडी गेली.

टांग्यातून घरी येताना अप्पा बोलले. "अध्यक्षानं घरचं मागायचं नसतं गं. लोक म्हणाले असते, पोरीसाठीच समदं केलं."

"मग म्हणू द्यायचं की," मी म्हटलं.

घरी अव्वानं दोघांची तोंडं बघितली आणि ताटं वाढली. तिनं काही विचारलं नाही, आणि या वेळी मला तिचा राग आला नाही.

पहिल्या मुहूर्तावर माझं लग्न झालं. अप्पा पुढं बरीच वर्षं अध्यक्ष होते. सोलापूरला माल वेळेवर येत राहिला आणि पुष्कळ लोकांचं त्यात भलं झालं, हे मी नाकारत नाही. साहेबांनी देशातल्या कितीतरी गाणाऱ्यांना वर आणलं, असंही नंतर ऐकलं. खरं असेल. मोहोळला मला कुणी त्रास दिला नाही. मी गायले नाही एवढंच, आणि न गायलेला गळा काही वर्षांत आपला राहत नाही.

परवा नातीनं विचारलं, "आज्जी, तू लई चांगली गायचीस म्हणे. ऐकव की." मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिला म्हटलं, "ज्यांनी ऐकलंय त्यांना विचार." ती म्हणाली, "कुणाला?" आणि मला एकही माणूस आठवेना, जो अजून आहे.