पंधरा नंबरचं पाकीट

माझा मोठा भाऊ दशरथ ओव्हाळ नौदलातून कमोडोर म्हणून निवृत्त झाला. निरोपाच्या समारंभात कुणीतरी म्हणालं, "साहेबांचा आदेश कधी कुणी मोडला नाही." टाळ्या पडल्या. दादा मात्र खाली बघत पाणी पीत राहिला. का, ते तिथे मला एकटीलाच माहीत होतं.

वडील कारखान्यात फिटर होते, ते लवकर गेले. दादा शिष्यवृत्तीवर शिकून नौदलात गेला, मी लग्न होऊन कोथरूडला आले. आई, चंद्रभागा, धायरीत एकटी राहायची. पन्नाशीत ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जाऊन वाचायला शिकली, ती दादाच्या पत्रांसाठी. "दुसऱ्याच्या तोंडून नाही ऐकायचा मला माझा मुलगा," म्हणायची.

जहाजावरून टाकलेली पत्रं मागेपुढे पोचतात. एकदा दादाला कावीळ झाली. बरा झाल्याचं पत्र आधी आलं, आजारी पडल्याचं नंतर. आईला आठवडाभर जेवण गेलं नाही. तेव्हापासून दादा पाकिटाच्या कोपऱ्यात नंबर घालू लागला, दर वर्षी एकपासून. "क्रमानेच फोडायचं, आई. मधलं आलं नसेल तर थांबायचं."

१९९२ च्या ऑक्टोबरात तेरानंतर एकदम पंधरा आलं. आईने ते बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवून दिलं.

"फोड की गं."

"चौदा यायचंय अजून."

"हरवलं असेल ते वाटेत."

"तुम्ही कॉलेजात शिकलेल्या. तुम्हाला घाई. मी नेमानं वागते."

मी हसले आणि घरी आले. महिन्याभरात आई झोपेतच गेली. दादाचं जहाज तेव्हा भर समुद्रात होतं. अंत्यविधीनंतरचं पुण्यानुमोदनही उरकल्यावर तो पोचला.

"रागावली होती का माझ्यावर?" त्याने पहिलं हेच विचारलं. "मुंबईला का आली नाही?"

"मुंबईला? कशाला?"

"जहाज दोन दिवस थांबलं होतं. मला गोदी सोडता येत नव्हती, म्हणून तिलाच ये असं कळवलं होतं. गेटवर पास ठेवला होता तिच्या नावाचा. दोन्ही संध्याकाळी उभा होतो मी."

दोन वर्षं त्यांची भेट नव्हती. घरी फोन नव्हता. नंबर घालायला लागून चार वर्षं झाली होती, थांबायला आपणच सांगितलं होतं हे दादा विसरला होता. मी तसबिरीमागून पाकीट काढून दिलं. दादाने ते उलटसुलट करून बघितलं. चिकटवलेलं तसंच होतं.

"आदेश पाळला तिने," एवढंच म्हणाला.

चौदा नंबरचं पत्र त्यानंतर महिन्याने आलं. त्यात काहीच नव्हतं. नवे बूट चावतात, जेवणात रोज बटाटा.

उद्या माझी लेक आम्रपाली हिंजवडीतली नोकरी सोडून नौदलाच्या अकादमीत निघाली आहे. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. संध्याकाळी दादा येऊन गेला.

"मामा, आता मेल असतात. आईला रोज टाकीन."

"टाक. पण घरच्यांना कसले नियम घालून देऊ नकोस." मग माझ्याकडे वळला. "आणि तू, जे हाती येईल ते लगेच वाच."

पंधरा नंबरचं पाकीट त्याच्याच कपाटात आहे. सतरा वर्षांत त्याने ते फोडलेलं नाही.