जोडीतलं दुसरं चित्र

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, ऑफिसातल्या मैत्रिणीला नाही — आणि ज्या दोन माणसांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं. मनातलं लिहायचं झालं तर हात आपोआप तिकडे वळतो. पण खोटं मी मराठीत बोलले होते. म्हणून हेही मराठीतच.

एक आधीच सांगून ठेवते, नंतर तुमची फसगत नको. केलं त्याची मला लाज वाटते का? वाटते — पण ती अभिमानाच्या खाली कुठंतरी दबलेली आहे. शोधावी लागते.

आमच्या खालच्या मजल्यावर वकीलकाका राहायचे. हयात सोलापूरच्या कोर्टात गेलेली, बायको लवकर वारलेली, मुलगा परदेशी. नाद एकच — जुनी इंग्रजी व्यंगचित्रं. वर्तमानपत्रातली नव्हेत, दोनेकशे वर्षांपूर्वी लंडनच्या दुकानांत सुटी विकली जायची, ती. तांब्याच्या पत्र्यावर कोरायची, कागदावर छापायची आणि मग एकेक हातानं रंगवायची. राजा, मंत्री, पाद्री, कंपनीचे साहेब — कुणाचीच गय नाही. सुजलेली पोटं, वाऱ्यावर उडालेले टोप, भल्याभल्यांचे उघडे पडलेले पाय. आपल्यावर राज्य करणाऱ्यांना त्यांचेच लोक किती हसत होते बघ, असं काका म्हणायचे आणि कालच खटला जिंकल्यासारखे खूश व्हायचे.

मी शाळेत असल्यापासून खाली जायचे. बोलावं लागत नाही असं ते एकच घर होतं. चित्र उजेडात तिरपं कसं धरायचं, पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर बोटाला कसा लागतो — सगळं तिथं शिकले. पुढं टॉवेलच्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकांना मेल लिहायची नोकरी लागली, तेव्हा इंटरनेटवरच्या लिलावातून माझं स्वतःचं पहिलं चित्र आलं. कोपरा फाटलेलं. सोलापुरात असली चित्रं जमवणारी एक मुलगी आहे, हे काकांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं — आणि मला तेच आवडायचं.

दुसरे होते रेल्वेकाका. हे नाव मी ठेवलेलं. रेल्वेतून इंजिनिअर म्हणून निवृत्त होऊन कुर्डुवाडीत राहिलेले, नाद तोच. महिन्यातून एका रविवारी गाडीनं यायचे आणि दोघांची जुंपायची ती दारातच. हे म्हणायचे, आली का लेट गाडी. ते म्हणायचे, वकील, आज भिंतीवर कुठला खोटा साक्षीदार टांगलाय? अख्ख्या जिल्ह्यात या चित्रांवर बोलायला त्यांना एकमेकांशिवाय होतं कोण? त्यांचा एक रिवाज होता. नवं चित्र टेबलावर आलं की पाहुण्यानं आधी खोट काढायची, मग कौतुक करायचं. खोट निघाल्याशिवाय भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं यायची नाही.

वकीलकाकांकडे एका जोडीतलं पहिलं चित्र होतं. हिंदुस्थानला निघालेला काडीसारखा कारकून, झाडाखाली उभा, हातात रिकामी पेटी. दुसऱ्या चित्रात तोच माणूस त्याच झाडाखाली परत येतो — पोट बग्गीत मावत नाही, डोक्यावर पगडी, कुत्र्याच्याही गळ्यात मोती. हे दुसरं त्यांना उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. मला मिळालं. पण कोरं. तेव्हा काही चित्रं बिनरंगाचीही विकली जायची. असं चित्र मागाहून रंगवणं हे जमवणाऱ्यांत पाप समजतात; कोरं ते कोरंच राहू द्यायचं. मला हे माहीत नव्हतं का? काकांनीच तर शिकवलं होतं.

मी ते रंगवलं.

कसं, ते सांगू? मला सांगायचंच आहे — इतकी वर्षं कुणाला सांगता आलेलं नाही. पहिलं चित्र शेजारी ठेवायची सोय नव्हती. रंग आठवणीतून जुळवले. डाळिंबाची साल उकळून तिच्या पाण्यानं पिवळा मातकट केला. कोटाचा तांबडा इतका पातळ लावला, की खालची रेघ न् रेघ दिसावी. एका बाहीवर तो मुद्दाम जरा रेषेबाहेर जाऊ दिला, कारण त्या दुकानांतल्या रंगवणाऱ्या घाईत असायच्या. त्यांच्यातही माझ्यासारख्या पोरी असतील, मग मी वेगळं काय केलं — असं म्हणता येईल. म्हणणार नाही. त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं.

काकांच्या वाढदिवसाला दिलं. रंगीतच मिळालं, असं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि चित्र पहिल्याच्या शेजारी नेऊन धरलं. का केलं मी? त्यांना आनंद व्हावा म्हणून — हे निम्मं खरं. उरलेलं निम्मं असं, की ते ओळखतात का हे मला बघायचं होतं. त्यांनी ओळखलं नाही. मी जिना चढून घरी आले ती जवळजवळ धावतच.

पुढच्या रविवारी रेल्वेकाका आले. जोडी टेबलावर मांडलेली. त्यांनी दुसरं चित्र उचललं, खिडकीशी नेलं आणि उलटं केलं. जुना हिरवा रंग तांब्यापासून करायचे. तो हळूहळू कागद खातो आणि चित्राच्या पाठीवर तपकिरी डाग उमटतो. पहिल्या चित्राच्या पाठीवर झाडाच्या आकाराचा तसा डाग होता. माझ्या झाडाची पाठ स्वच्छ होती. पुढून मी सगळं सांभाळलं होतं — मागचं सुचलंच नव्हतं.

"वकील," ते म्हणाले, "लई चांगलं हाय. पण जुनं न्हाय. छाप जुना, रंग कालचा."

रिवाजाप्रमाणं खोट काढली, इतकंच. मग रिवाजाप्रमाणं कौतुकही केलं. "हात कुणाचा म्हणायचा पण? असा हात म्या बघितला न्हाय."

मी भाकरीचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. भीती वाटली का? वाटली. पण त्याआधी — हे कबूल करायलाच हवं — मला गुदगुल्या झाल्या. माझ्याबद्दल एवढं चांगलं कुणी कधी बोललं नव्हतं.

काका चिडले. दुसरं कुठलंही चित्र असतं तर हसून सोडून दिलं असतं. हे मी आणलेलं होतं. माझी जोडी पुरी झाली ते तुला बघवत नाही, असं ते मित्राला म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"सांग की गं याला. असंच आलं ना?"

एक 'नाही' पुरलं असतं. काका चार दिवस फुगले असते आणि मग दोघांनी मिळून वर्षभर माझी टिंगल केली असती.

"असंच आलं," मी म्हणाले.

मी फारसं बोलायची नाही, त्यामुळे जे बोलेन ते लोक खरं धरायचे. लाजाळूपणाचा तो सगळा फायदा मी त्या दिवशी एकदम घेतला.

"माझ्या घरात येऊन पोरीला खोटी पाडतोस होय?" काका म्हणाले. रेल्वेकाकांनी चित्र जपून टेबलावर ठेवलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न जेवता निघून गेले.

ते परत आले नाहीत. काका गाडीच्या वेळेला दार उघडं ठेवून बसायचे आणि विचारलं तर वारा येतो म्हणायचे. कुर्डुवाडी काय लांब आहे? माझ्याकडे नंबरही होता. कितीदा फोन हातात घेतला. पण सांगितलं असतं तर चित्र भिंतीवरून उतरलं असतं — आणि भांडण मिटण्यापेक्षा मला तेच मोठं वाटायचं. येणारेजाणारे जोडीपुढं थांबायचे. थांबायचे ते माझ्या चित्रापुढं.

वकीलकाका गेले. मुलानं सगळी चित्रं माझ्या हवाली केली; ती जोडी मी वर आमच्या भिंतीवर लावली. तेरावा झाल्यावर रेल्वेकाका आले, काठी टेकत, आमचा जिना चढून. म्हणाले, ती जोडी दाखव. मी दोन्ही चित्रं उतरवून पुढं ठेवली. आता ते माझं चित्र उलटं करतील, असं मला वाटलं. त्यांनी हातच लावला नाही. लांबूनच बघत राहिले.

"वकिलाचंच खरं असंल," ते म्हणाले. "मीच लई ताणलं. न्हाय का गं?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. दुखवलं जाईल असं आता कुणी उरलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि काठी शोधली. ते जिना उतरेपर्यंत मी दारात थांबले. मग दोन्ही चित्रं परत भिंतीवर लावली — चार पावलं मागं सरून, सरळ आहेत ना ते पाहून.